तीन, सात, एकवीस : संगणकातला दुभाषी आणि मराठी अक्षर



निमंत्रणपत्रिकेत ‘बाइंडिंग’ हा शब्द वाचून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की मी पुस्तकबांधणीवर बोलणार आहे. तो विषयही मला आवडला असता. पण आज बोलायचे आहे ते संगणकातल्या बाइंडिंगविषयी. एका प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेली साधने दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेतून वापरता यावीत म्हणून मध्ये जो दुवा बसवतात, त्याला बाइंडिंग म्हणतात. आपल्याला ओळखीचा शब्द हवा असेल तर ‘दुभाषी’ म्हणू. यापुढे मी हाच शब्द वापरणार आहे.

मी गोव्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. माझे संशोधन साहित्यातले, संगणकशास्त्रातले नाही. तरीही गेली काही वर्षे आमच्या विद्यार्थ्यांबरोबर अशा दुभाष्यांची जुळणी मूळ सोर्सपासून करण्यात मी बराच वेळ घालवला आहे. तो का घालवला, त्यातून काय हाती लागले आणि आपल्या भाषेशी त्याचा काय संबंध, एवढेच आज सांगते. माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. संगणकावर मराठी अक्षर मोडलेले दिसते, तेव्हा दोष पुष्कळदा टंकाचा नसतो आणि चित्र काढणाऱ्या लायब्ररीचाही नसतो. अक्षर मोडते ते दोघांच्या सांध्यावर. आणि त्या सांध्यावर मराठी वाचणारे माणूस सहसा बसलेले नसते.

एक उदाहरण घेते. आमच्या एका विद्यार्थिनीला मराठी निबंधस्पर्धेत बक्षीस मिळाले. प्रमाणपत्रे संगणकाने आपोआप तयार केलेली होती. यादीतून एकेक नाव उचलायचे आणि आधीच तयार असलेल्या चित्रावर ते रेखाटायचे, अशी पद्धत. मुलीच्या नावात रफार होता आणि आडनावात पहिली वेलांटी. प्रमाणपत्रावर रफार डोक्यावरून उतरून पाय मोडलेला र झाला होता आणि वेलांटी आपले अक्षर सोडून पुढच्या अक्षराच्या अंगावर गेली होती. मराठी निबंधाचे प्रमाणपत्र, आणि त्यावरचे मराठी नाव वाचता येत नव्हते. आयोजकांना कळवले. उत्तर आले की टंक युनिकोड आहे, यादीतही नाव बरोबर आहे, त्यामुळे चूक सापडत नाही. पुढच्या वर्षीपासून नावे रोमन लिपीत घेऊ.

या उत्तरातला पहिला भाग खोटा नव्हता. टंक चांगला होता, यादीतले नावही बरोबर होते. तेच नाव त्याच टंकात मोबाइलवर नीट दिसत होते. म्हणजे दोष मधल्या कुठल्यातरी टप्प्यावर होता. उत्तराचा दुसरा भाग मात्र मला सोडवेना. अक्षर मोडते म्हणून लिपी सोडायची, हा उपाय आपण किती सहज स्वीकारतो! महाविद्यालयाच्या भिंतीवरची भित्तिपत्रके, संमेलनांची ओळखपत्रे, कवितांची चित्रे यांत विद्यार्थी रोमनमध्ये मराठी लिहितात, त्याचे कारण नेहमी आळस हे नसते. पुष्कळदा त्यांनी देवनागरी करून पाहिलेली असते, आणि ती मोडलेली निघालेली असते.

तर आता मधला टप्पा उघडून पाहू.

कागदावर किंवा पडद्यावर रेघ, वर्तुळ, रंग, अक्षर काढण्याचे काम प्रत्येक प्रोग्रॅम स्वतः करत नाही. ते काम तयार लायब्रऱ्यांकडे असते. मी ज्या लायब्ररीवर बोलणार आहे तिचे नाव ‘कैरो’. कीथ पॅकार्ड आणि कार्ल वर्थ यांनी तिची सुरुवात केली. आधीचे नाव होते ‘एक्सआर’. ही दोन रोमन अक्षरे ग्रीक ‘काय’ आणि ‘ऱ्हो’ या अक्षरांसारखी दिसतात, म्हणून ‘काय-ऱ्हो’, आणि त्यावरून कैरो. ती ‘सी’ या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेली आहे. एकच आकृती ती पीएनजी चित्रात, पीडीएफमध्ये किंवा पडद्यावर काढून देते.

पण कैरोला अक्षरे जुळवता येत नाहीत. जुन्या छापखान्यात जुळारी असे. ‘क्षि’ हे अक्षर लागले की कोणता खिळा उचलायचा, वेलांटी कुठे बसवायची, हे त्याच्या हाताला ठाऊक असे. संगणकात हे जुळाऱ्याचे काम ‘हार्फबझ’ नावाची लायब्ररी करते. तिचे नाव फारसी आहे. ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाज’ म्हणजे खुले. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस या सगळ्यांच्या पोटात हाच जुळारी बसलेला आहे. ओळी पाडणे, परिच्छेद मांडणे, कोणत्या लिपीला कोणता टंक हे ठरवणे, ही कामे ‘पँगो’ करते. पँगो हे नाव ग्रीक ‘पान’ म्हणजे सर्व आणि जपानी ‘गो’ म्हणजे भाषा यांचा समास आहे. चौथी लायब्ररी ‘फ्रीटाइप’. टंकाच्या फाइलमधून अक्षराची बाह्यरेषा काढून तिचे ठिपके करणे हे तिचे काम. पँगो मजकूर मांडतो, हार्फबझ खिळे जुळवतो, फ्रीटाइप खिळा कोरतो आणि कैरो छापतो. छापखाना पुरा झाला.

आता गंमत अशी की कैरोकडे अक्षरे काढण्याची एक सोपी सोयही आहे. तिला मजकूर द्या, ती काढून देते. मात्र कैरोच्या कर्त्यांनीच आपल्या माहितीपुस्तकात या सोयीला ‘खेळणे’ म्हटले आहे. खरे काम करायचे तर पँगोसारखे साधन वापरा, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. कारण ही सोय जुळाऱ्याला विचारतच नाही. मजकुरात जे चिन्ह ज्या क्रमाने आले, त्याच क्रमाने एकेक खिळा ती ठेवत जाते. रोमनमध्ये ते चालते. देवनागरीत काय होते ते ‘क्षितिज’ या शब्दावर पाहा. युनिकोडमध्ये हा शब्द असा साठवलेला असतो : क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज. वेलांटी उच्चाराच्या क्रमाने, म्हणजे व्यंजनानंतर साठवतात. ती व्यंजनाच्या डावीकडे नेऊन बसवणे हे जुळाऱ्याचे काम. जुळारी नसला की क पाय मोडून उभा राहतो, ष एकटा पडतो, पहिली वेलांटी त ला जाते आणि दुसरी ज ला. वाचणाऱ्याला दिसते ‘क्‌षतिजि’. आमच्या विद्यार्थिनीच्या नावाचे जे झाले होते, ते हेच. अशी सोपी सोय इतर चित्र-लायब्रऱ्यांतही असते, आणि घाईत असलेला प्रोग्रॅमर तीच वापरतो. त्याच्या इंग्रजी नावांवर ती अगदी बरोबर चालते.

मग पँगो वापरावा. पण आमच्या विद्यार्थ्यांना सी भाषा येत नाही. त्यांना ‘पायथॉन’ येते. इथे दुभाषी लागतो.

अनुवाद शिकवणाऱ्या माणसाला या दुभाष्याचे काम फार ओळखीचे वाटते. कैरोच्या माहितीपुस्तकात एक परिशिष्टच आहे : ज्यांना कैरोसाठी दुसऱ्या भाषेत दुभाषी लिहायचा आहे, त्यांनी काय काय सांभाळावे. मी ते अनुवादमीमांसेच्या वर्गात समजावून सांगते. त्यातल्या तीन गोष्टी इथे सांगते.

पहिली गोष्ट मालकीची. सी भाषेत जी वस्तू निर्माण केली, तिची जागा काम संपल्यावर आपणच मोकळी करायची असते. पायथॉनमध्ये ही काळजी भाषाच घेते. मग दोघांच्या मध्ये असलेल्या वस्तूचा मालक कोण? दुभाष्याने ती लवकर सोडली तर प्रोग्रॅम मधेच कोसळतो. कधीच सोडली नाही तर स्मृती भरत जाते. कैरो प्रत्येक वस्तूला किती जणांनी धरले आहे याची मोजदाद ठेवते, आणि दुभाष्याने त्या मोजदादीत आपला हात प्रामाणिकपणे लावायचा असतो.

दुसरी गोष्ट चूक सांगण्याची. कैरोमध्ये काही बिघडले तर ती ओरडत नाही. ती वस्तू आतल्या आत बिघाडाच्या अवस्थेत जाते आणि पुढच्या आज्ञा मुकाट्याने गिळते. पायथॉनची रीत वेगळी. तिथे चूक झाली की काम तिथेच थांबते आणि तसे सांगितले जाते. दुभाष्याने प्रत्येक आज्ञेनंतर कैरोची अवस्था विचारायची आणि पायथॉनच्या रीतीने बोलायचे. शब्दाला शब्द ठेवणारा अनुवादक इथे नापास होतो. एका भाषेतले मौन दुसऱ्या भाषेत बोलून दाखवावे लागते.

तिसरी गोष्ट मोजण्याची, आणि आपल्यासाठी हीच सगळ्यात महत्त्वाची. ‘क्षितिज’ हा शब्द किती अक्षरांचा? पहिलीतले मूल सांगेल तीन : क्षि, ति, ज. पायथॉनला विचारा, ते सांगेल सात, कारण ते युनिकोडची चिन्हे मोजते. पँगोला विचारा, तो सांगेल एकवीस, कारण तो युटीएफ-८ या साठवणीतले बाइट मोजतो आणि त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. तिघेही बरोबर आहेत. पण समजा, मला हा शब्द लाल करायचा आहे, आणि मी पायथॉनमधून सांगितले की शून्यापासून सातपर्यंत लाल कर. हा आकडा जसाच्या तसा पँगोकडे गेला तर सात बाइटांत दोन चिन्हे आणि तिसऱ्याचा एक तुकडा एवढेच येते. लाल रंग ‘क्षि’च्या पोटातच संपतो. इंग्रजी शब्दात ही अडचण दिसतच नाही. तिथे साधारणपणे अक्षर, चिन्ह आणि बाइट हे तिन्ही आकडे एकच असतात. म्हणून इंग्रजीवर तपासलेला कार्यक्रम निर्दोष ठरतो आणि मराठीत अक्षर कापतो. तीन, सात, एकवीस हे आकडे मी आता फळ्यावर लिहून ठेवते. विद्यार्थ्यांना त्यातून युनिकोडही कळते आणि ‘अक्षर’ या शब्दाचा अर्थही.

दुभाषी बनवण्याच्या दोन रीती आहेत. कैरोचा पायथॉन-दुभाषी ‘पायकैरो’ हा माणसांनी हाताने लिहिलेला आहे. पँगोचा दुभाषी वेगळ्या रीतीने तयार होतो. पँगोच्या मूळ सोर्समध्ये प्रत्येक आज्ञेच्या वर टिपा लिहिलेल्या असतात : ही वस्तू घेणाऱ्याच्या मालकीची होते, ती देणाऱ्याकडेच राहते, इथे रिकामे उत्तर येऊ शकते. या टिपांवरून यंत्र एक वर्णनफाइल तयार करते आणि तिच्या आधारे पायथॉनच नव्हे, इतर भाषाही पँगोशी बोलू शकतात. मूळ लेखकाने अनुवादकासाठी समासात टिपा लिहून ठेवाव्यात, तसे हे आहे. आपल्या किती लेखकांनी ते केले असते!

आता जुळणीकडे येते. तयार दुभाषी इंटरनेटवरून एका आज्ञेत मिळतात, मग मूळ सोर्सपासून बांधण्याची उठाठेव कशासाठी? पाठचिकित्सा शिकलेल्या माणसाला याचे उत्तर देणे सोपे आहे. हाती आलेली प्रत कोणी, कोणत्या पोथीवरून, काय गाळून केली, हे कळल्याशिवाय तिच्यावर विसंबता येत नाही. चित्रांवर काम करणाऱ्या ‘पिलो’ या पायथॉन लायब्ररीचे उदाहरण घ्या. तिला जोडाक्षरे नीट जुळवायला ‘रक्म’ नावाची छोटी लायब्ररी सोबत लागते. नाव अरबी, आपला ‘रक्कम’ हा शब्द त्याच घरातला. ही लायब्ररी पुढे हार्फबझला काम सांगते आणि ‘फ्रीबिडी’ या आणखी एका लायब्ररीची मदत घेते. पिलोच्या ८.२ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, तयार प्रतींत रक्म आत घातलेली असते, पण फ्रीबिडी यंत्रावर वेगळी असावी लागते. ती सापडली नाही तर पिलो तक्रार करत नाही, साध्या मांडणीवर उतरते. म्हणजे तीच प्रत, तोच टंक, तोच प्रोग्रॅम. एका यंत्रावर ‘क्षितिज’ आणि दुसऱ्यावर ‘क्‌षतिजि’. हे ज्याला माहीत नाही तो टंक बदलत बसतो.

आमच्याकडे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विंडोज, एका विद्यार्थ्याकडे लिनक्स आणि एका विद्यार्थिनीकडे मॅक. काम होते जुन्या हस्तलिखित वार्षिकांतल्या लेखांची सूची पीडीएफमध्ये मांडण्याचे. तिन्ही ठिकाणी एकच पान निघायला हवे होते.

लिनक्सवर वाट सर्वांत सरळ. तरी पहिलाच धडा तिथे मिळाला. कैरो आधीपासून यंत्रावर होती, प्रोग्रॅम तिच्यावर चालत होते, पण दुभाषी बांधताना कंपायलर म्हणे कैरो सापडत नाही. कारण चालवायला लागते ती लायब्ररी आणि बांधायला लागते ती तिची हेडर फाइल. लायब्ररी म्हणजे बोलणारा माणूस. हेडर फाइल म्हणजे त्याच्या भाषेचे व्याकरण. दुभाष्याला व्याकरण हवे असते, आणि ते ‘डेव्ह’ नावाच्या वेगळ्या पाकिटात येते. पायथॉनचेही तसेच. सगळ्या वस्तू कुठे ठेवल्या आहेत ते सांगणारा ‘पीकेजी-कॉन्फिग’ नावाचा कारकूनही लागतो. तो नसेल तर घरात सगळे असून सापडत नाही.

सगळेच मुळापासून बांधायचे ठरवले तर एक जुनी म्हण आडवी येते : आधी कोंबडी की आधी अंडे? फ्रीटाइपला काही कामांत हार्फबझ हवा असतो, हार्फबझला फ्रीटाइप. मग फ्रीटाइप एकदा हार्फबझशिवाय बांधायची, तिच्यावर हार्फबझ बांधायचा, आणि पुन्हा फ्रीटाइप बांधायची. आणखी एक गाठ अशी : पँगोचा दुभाषी आणि कैरोचा दुभाषी हे दोन वेगळे. पँगोने मांडलेला मजकूर कैरोच्या पानावर उतरवायचा तर या दोघांची ओळख करून देणारा एक छोटा जोड लागतो. काही लिनक्सांत तोही वेगळ्या पाकिटात असतो. तो नसला की परक्या वस्तूचे रूपांतर करणारा सापडत नाही अशी तक्रार येते. दोन उत्तम दुभाषी समोरासमोर बसलेले आणि एकमेकांची भाषा कोणालाच येत नाही, असा तो प्रसंग.

मॅकवर ‘होमब्रू’ या साधनाने लायब्रऱ्या येतात. पण इंटेलच्या मॅकवर ते त्या एका फोल्डरात ठेवते आणि ॲपलच्या स्वतःच्या चिपवर दुसऱ्या. त्यातून पायथॉन एका जातीच्या चिपसाठी बांधलेला आणि कैरो दुसऱ्या जातीची असली की दोघे एकमेकांना ओळखत नाहीत.

विंडोजवर दोन घराणी आहेत. अधिकृत पायथॉन मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने बांधलेले असते. मुक्त लायब्रऱ्या पुष्कळदा ‘एमसिस-२’च्या घराण्यात बांधलेल्या असतात. एका घराण्याची लायब्ररी दुसऱ्या घराण्याच्या पायथॉनशी सहज जुळत नाही. एकच घराणे धरून शेवटपर्यंत जाणे बरे. शिवाय पायथॉनच्या ३.८ या आवृत्तीपासून दुभाष्याला लागणाऱ्या डीएलएल फाइली नेहमीच्या शोधमार्गात ठेवून भागत नाही. त्यांचे फोल्डर स्पष्टपणे सांगावे लागते. पायकैरोची विंडोजसाठीची तयार प्रत कैरोला पोटात घेऊनच येते, त्यामुळे फक्त रेघा आणि आकृत्या काढायच्या असतील तर तिथे काही बांधावे लागत नाही. पण मराठी मजकुरासाठी पँगो हवाच, आणि पँगो आला की हे सगळे आले.

एवढे झाल्यावरही तिन्ही पाने सारखी येतीलच असे नाही. लिनक्सवर टंक शोधणारी व्यवस्था एक, मॅकवर दुसरी, विंडोजवर तिसरी. मागितलेला टंक नसला की प्रत्येक जण आपल्या मनाने दुसरा देतो. म्हणून टंकाची फाइल कार्यक्रमाबरोबरच ठेवावी. आणि पान चित्र म्हणून पिलोकडे दिले तर रंगही तपासावा. कैरो आपल्या नेहमीच्या यंत्रांवर रंगांचे बाइट निळा, हिरवा, लाल या क्रमाने ठेवते. पिलो सहसा लाल, हिरवा, निळा असे वाचते. क्रम सांगितला नाही तर शेंदरी शीर्षक निळे होऊन येते.

इथवरच्या अडचणी कोणत्याही भारतीय लिपीच्या माणसाला येतील. काही मात्र खास मराठीच्या आहेत, आणि त्या मराठी माणसाशिवाय कोणी पकडणार नाही. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. आचार्यास दक्षिणा देतात, आचाऱ्यास मजुरी. फरक एका अर्ध्या र चा. हा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारे जोडचिन्ह. मजकूर ‘स्वच्छ’ करणारे काही प्रोग्रॅम न दिसणारी चिन्हे कचरा समजून काढून टाकतात. तसे झाले की दऱ्यांचा दर्या होतो. शब्द शुद्ध दिसतो, शुद्धलेखन-तपासनीसही हरकत घेत नाही. फक्त अर्थ गेलेला असतो. शिवाय दिसायला सारखे असलेले हे दोन शब्द शोधताना संगणकाला वेगवेगळे वाटतात. सूची करणाऱ्याने ते आधीच एकरूप करून घ्यावेत. ‘ॲ’चेही तसेच. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ साली मिळाली. त्याआधीचे पुष्कळ मजकूर अ वर अर्धचंद्र देऊन लिहिलेले आहेत, आणि जुन्या टंकांत हे नवे अक्षर नसते.

दुसरी गोष्ट ल आणि श यांची. आपला पाकळीयुक्त ल आणि हिंदीचा दंडयुक्त ल एकाच युनिकोड चिन्हात राहतात. काही चांगल्या टंकांत दोन्ही आकार असतात. मजकूर मराठी आहे असे जुळाऱ्याला सांगितले तर तो मराठी वळण देतो, नाहीतर टंकाचे जे मूळ वळण असेल ते. हे ‘सांगणे’ म्हणजे दुभाष्यामार्फत पाठवायचा दोन अक्षरांचा भाषासंकेत. पँगोत त्याची सोय आहे. पिलोमध्येही ६.० या आवृत्तीपासून आहे, अर्थात रक्म असेल तरच. पण ही माहिती देणे ऐच्छिक आहे. दिली नाही तर काहीच मोडत नाही, कोणतीही चूक दाखवली जात नाही. फक्त पान मराठीचे न राहता ‘देवनागरीचे’ होते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव इथल्या मंडळींना या वाक्याचा अर्थ मी वेगळा सांगायला नको. आपण जिथे राहतो तिथे आपली भाषा गृहीत धरली जात नाही. ती सांगावी लागते, आणि दर वेळी सांगावी लागते.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली इथे रायतूरला छापले गेले. भाषा मराठी, लिपी रोमन. गोव्यात छापखाना १५५६ मध्येच आला होता, पण देवनागरीचे खिळे नव्हते. त्या काळी ती खरीच अडचण होती. आज खिळे आहेत, जुळारी आहे, आणि हे सगळे मुक्त सोर्समध्ये फुकट उपलब्ध आहे. तरीही ‘नावे रोमनमध्ये घेऊ’ असे उत्तर येत असेल तर कारण फक्त इतकेच की मधल्या दुभाष्याची मराठीची परीक्षा कोणी घेतलेली नाही.

ती घेणे आपल्याला जमेल. आम्ही महाविद्यालयात कसोटीच्या शब्दांची एक यादी केली आहे : क्षितिज, कीर्ती, स्त्रिया, वाङ्मय, दर्या-दऱ्या, तऱ्हा, ऱ्हस्व, ज्ञानेश्वर, ॲ, ळ, ल, श असे काही. नवा दुभाषी बांधला किंवा आवृत्ती बदलली की ही यादी तिन्ही यंत्रांवर रेखाटून पाहतो. पहिल्यांदा मराठी वाचणाऱ्या माणसाने डोळ्यांनी पाहून ‘बरोबर’ म्हणायचे. ते चित्र संमत प्रत म्हणून ठेवायचे, आणि पुढच्या वेळी संगणकानेच नवे चित्र त्याच्याशी ताडून फरक असेल तर दाखवायचा. हार्फबझबरोबर येणाऱ्या छोट्या साधनांनी कोणते खिळे कोणत्या क्रमाने निवडले हेही छापून घेता येते. म्हणजे चूक जुळाऱ्याची की दुभाष्याची, हे दोन मिनिटांत कळते.

अकादमीला माझी विनंती आहे की अशी यादी तिने आपल्या नावाने तयार करावी. भाषाशिक्षक, मुद्रितशोधक आणि संगणकाचे विद्यार्थी एकत्र बसले तर ते काही दिवसांचे काम आहे. तिन्ही प्रणालींवर दुभाषी कसा बांधायचा याची मराठीतली टिपणे सोबत जोडावीत आणि दरवर्षी तपासावीत, कारण आवृत्त्या बदलतात. प्रमाणपत्र, ओळखपत्र, पाठ्यपुस्तक किंवा संकेतस्थळ करून घेताना संस्थांनी ही यादी कंत्राटदाराच्या हाती द्यावी आणि ती बरोबर उमटल्याशिवाय काम स्वीकारू नये. यासाठी कोणाला प्रोग्रॅमर होण्याची गरज नाही. ‘क्‌षतिजि’ हे चूक आहे एवढे सांगता आले की पुरे, आणि ते या सभागृहातल्या प्रत्येकाला सांगता येते.

विद्यार्थ्यांना एक वेगळे सांगणे. या सगळ्या लायब्रऱ्यांचे सोर्स खुले आहेत आणि चूक कळवण्याची जागाही खुली आहे. चूक कळवताना मराठी शब्द, हवे ते चित्र, आलेले चित्र, प्रणाली आणि आवृत्ती एवढे द्यायचे. समोरच्या माणसाला मराठी येत नसते, पण दोन चित्रांतला फरक त्याला दिसतो. आपल्या भाषेची बाजू मांडण्याचे हेही एक लेखन आहे, आणि मराठीच्या विद्यार्थ्याने ते करावे असे मला वाटते.

यादीची छापील प्रत बाहेरच्या टेबलावर ठेवली आहे; जाताना अवश्य न्या, आणि आपला एखादा शब्द तिच्यात घालून परत पाठवा.